सूर्याच्या पोटांतील प्रवाह आणि मापाची कसोटी

बारामती आणि इंदापूर हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके मूळचे अवर्षणाचे. तेथील बागाईत ज्या पाण्यावर उभी राहिली, त्यांत नीरा डाव्या कालव्याचा वाटा फार मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वीर येथून काढलेला हा कालवा पुरंदर तालुक्यांतून बारामतींत आणि बारामतींतून इंदापुरांत जातो. म्हणजे इंदापूरचा शेतकरी कालव्याच्या शेपटाशीं बसलेला. मुखाशीं किती पाणी सोडलें आणि शेपटाशीं किती पोंचलें, हा त्याच्या दृष्टीनें पुस्तकी प्रश्न नव्हे. उसाची एक पाळी चुकली कीं वर्षाच्या हिशेबांत तूट येते. म्हणून वाहत्या पाण्याची खरी गति किती, हें ठरविण्याला या भागांत फार किंमत आहे.

ही गति मोजण्याची सोपी रीत सर्वांना ठाऊक असते. कालव्याच्या कांठावर ठराविक अंतरानें दोन खुणा कराव्या, वरच्या खुणेपाशीं एक लाकडी ढलपी पाण्यांत सोडावी, आणि ती खालच्या खुणेपाशीं किती सेकंदांत पोंचते तें घड्याळांत पाहावें. परंतु ढलपी पाण्याच्या माथ्यावरून जाते. तळाचें पाणी मातीला व गाळाला घासत मंद चालतें. ढलपीची गति हीच सबंध प्रवाहाची गति मानली, तर कागदावर पाणी अधिक दिसेल आणि शेतांत कमी येईल. याकरितां जाणते इंजिनीअर त्या आंकड्याला सुमारें ०.८५ नें गुणतात; किंवा फिरत्या चाकाचें प्रवाहमापक यंत्र ठराविक खोलीवर बुडवून चाकाचे फेरे मोजतात.

मात्र येथें दुसरी शंका उभी राहते. चाकाचे मिनिटाला इतके फेरे झाले म्हणजे पाण्याची गति इतकी, हें तरी कशावरून? यंत्र कालव्यांत बुडवून हें कळणार नाहीं. कारण कालव्याची गति ठाऊक नाहीं म्हणूनच तर यंत्र आणलें. पुण्याजवळ खडकवासल्यास केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन संस्था आहे. तिचा आरंभ १९१६ सालचा. तेथें या शंकेचें निरसन ज्या रीतीनें करतात ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एका लांब हौदांत पाणी अगदीं निश्चल ठेवतात. हौदाच्या दोन्ही कांठांवर रूळ असतात, त्यांवरून एक गाडी ठरलेल्या वेगानें जाते, आणि यंत्र तिला बांधून पाण्यांतून ओढलें जातें. येथें पाणी वाहत नाहीं, यंत्रच चालतें. पण चाकाला तें सारखेंच. गाडीचा वेग परीक्षकाच्या हातांतला असल्यामुळें खरें उत्तर आधींच माहीत असतें. यंत्र तेंच उत्तर देतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. ज्या मापानें अज्ञात वस्तु मोजावयाची, त्याची परीक्षा प्रथम ज्ञात वस्तूवर करावी, हा यांतला नियम होय.

हाच नियम आज सूर्याच्या अभ्यासकांना पाळावा लागत आहे. आणि त्यांचा कालवा असा कीं त्यांत कोणतेंहि यंत्र बुडवितां येत नाहीं.

सूर्याची त्रिज्या सुमारें ६,९६,००० किलोमीटर आहे. पृष्ठभागापासून आंत सुमारें दोन लक्ष किलोमीटर खोलीपर्यंतचा त्याचा थर चुलीवरील आधणाप्रमाणें सतत खदखदत असतो. तापलेला वायु वर येतो, उष्णता टाकून थंड होतो आणि पुन्हां खालीं जातो; या घडामोडीला अभिसरण म्हणतात. त्याशिवाय सूर्याचें सर्व अंग सारख्या वेगानें फिरत नाहीं. विषुववृत्ताजवळचा भाग सुमारें पंचवीस दिवसांत एक फेरा पुरा करतो, ध्रुवांकडील भागाला त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. आणखी एक तिसरा, अत्यंत मंद प्रवाह आहे. तो विषुववृत्ताकडून दोन्ही ध्रुवांकडे वाहतो; त्याला याम्योत्तर प्रवाह असें नांव आहे. पृष्ठभागावर त्याची गति सेकंदाला सुमारें पंधरा मीटर, म्हणजे बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एस्. टी. गाडीइतकीच. ज्या सूर्याच्या पृष्ठभागावर विषुववृत्तापाशीं फिरण्याचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर आहे, तेथें ही गति म्हणजे वादळांतली कुजबुज होय.

ही कुजबुज ऐकण्याची एवढी आस्था कशासाठीं? सूर्यावरील डागांची संख्या सुमारें अकरा वर्षांच्या चक्रानें वाढते आणि घटते. हे डाग म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्राचीं ठिकाणें. तें क्षेत्र सूर्याच्या अंतर्भागांतील प्रवाहांमुळें निर्माण होतें, ताणलें जातें आणि एका जागेहून दुसऱ्या जागीं वाहून नेलें जातें. वर ध्रुवांकडे गेलेला वायु तळाशीं कोठून आणि किती वेगानें परत विषुववृत्ताकडे येतो, हें समजल्याशिवाय अकरा वर्षांच्या चक्राची उपपत्ति पुरी होत नाहीं. या चक्राचा पृथ्वीशीं संबंध नाहीं असेंहि नाहीं. १३ मार्च १९८९ रोजीं सूर्यावरील उत्पातामुळें उठलेल्या चुंबकीय वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास बंद पडली आणि साठ लक्ष माणसें अंधारांत राहिलीं. आज उपग्रह, विमानें आणि विजेचीं जाळीं यांवर संसार चालला असतांना ही वादळें केव्हां अधिक येतील तें आधीं कळणें अगत्याचें झालें आहे.

जेथें दृष्टि पोंचत नाहीं तेथील गति मोजण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं ध्वनीचें साहाय्य घेतलें. १९६० च्या सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, सूर्याचा पृष्ठभाग सुमारें पांच पांच मिनिटांच्या अवधीनें खालीं-वर होत असतो. पुढें कळून आलें कीं, ही सूर्याच्या पोटांत कोंडलेल्या ध्वनिलहरींची धडधड आहे. वरच्या थरांतील खळबळीमुळें या लहरी उठतात, आंत शिरतात, खालील तप्त थरांत त्यांचा वेग वाढत गेल्यामुळें हळूहळू वळतात आणि दूर अंतरावर पुन्हां पृष्ठभागीं येतात. त्यांच्यावरून सूर्याच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या शास्त्राला सौरकंपनशास्त्र म्हणतात. लहरीच्या प्रवासाला लागणारा वेळ मोजण्याची जी रीत, ती काल-अंतर पद्धति. ती १९९३ सालीं थॉमस ड्यूव्हल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें मांडली.

तिचें तत्त्व होडीवाल्याला सांगावें लागत नाहीं. इंदापूर तालुक्यांत नीरा-नरसिंगपूर येथें नीरा आणि भीमा यांचा संगम आहे. पावसाळ्यांत भीमा भरून वाहत असतां एका होडीला पंधरा किलोमीटर प्रवाहाबरोबर जाण्यास तीन तास लागले आणि तेंच अंतर प्रवाहाविरुद्ध परत येण्यास पांच तास लागले, अशी कल्पना करावी. जातांना वेग ताशीं पांच किलोमीटर, येतांना तीन. यावरून होडीचा स्वतःचा वेग चार आणि नदीचा एक, हें घरबसल्या सांगतां येतें. नदींत हात घालावा लागत नाहीं. सूर्यावर होडीच्या जागीं ध्वनिलहर आहे. पृष्ठभागावरील दोन ठिकाणें घ्यावीं. एकीकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून पहिलीकडे जाणाऱ्या लहरींच्या वेळांत जो फरक पडेल, तो वाटेंतील प्रवाहाचा.

तत्त्व सोपें, व्यवहार अतिशय अवघड. अभिसरणाच्या थराच्या तळाशीं ध्वनीचा वेग सेकंदाला दोनशें किलोमीटरांहून अधिक असतो आणि तेथील याम्योत्तर प्रवाहाचा वेग अवघा कांहीं मीटर. तासाहून अधिक प्रवास करून आलेल्या लहरीच्या वेळांत एवढ्यानें पडणारा फरक सेकंदाचा अंशमात्र असतो. त्यांतून होडी एक नाहीं. असंख्य लहरी एकाच वेळीं, वाटेल त्या क्षणीं, वाटेल त्या ठिकाणाहून निघतात. म्हणून दोन ठिकाणच्या कंपनांच्या दीर्घ नोंदी एकमेकींवर सरकवून कोठें जुळतात तें पाहावें लागतें, आणि अशा कोट्यवधि जुळण्यांची सरासरी काढावी लागते. शिवाय लहर एका खोलीवर राहत नाहीं; तिच्या वेळेंत वाटेंतील सर्व थरांची बेरीज झालेली असते. त्या बेरजेवरून प्रत्येक थराचा वेगळा हिस्सा काढणें म्हणजे उत्तरावरून उदाहरण शोधण्याचें उलट गणित होय. अशा गणिताला एकाहून अधिक उत्तरें असूं शकतात. त्यांत गोंगाट मिसळला म्हणजे नसलेला प्रवाह दिसावा आणि असलेला हरवावा, हें सहज घडतें.

तेव्हां खडकवासल्याच्या हौदाची येथें गरज लागते. हा हौद संगणकाच्या पोटांत बांधतात. प्रथम सूर्याच्या घनतेचे, तापमानाचे व ध्वनिवेगाचे ज्ञात आंकडे घेऊन एक कृत्रिम सूर्य तयार करतात. त्यांत परीक्षक आपल्या मनाप्रमाणें प्रवाह सोडतो: इतक्या खोलीवर, या दिशेनें, इतक्या वेगानें. मग वायूच्या गतीचे नियम सांगणारीं समीकरणें सोडवून त्या सूर्यांत ध्वनिलहरी चालवितात आणि त्याच्या पृष्ठभागाचीं दुर्बिणींतून दिसावीं तशीं चित्रें ठराविक सेकंदांनीं नोंदवून घेतात. हीं चित्रें खऱ्या सूर्याचीं असल्याप्रमाणें काल-अंतर पद्धतीच्या हवालीं करावयाचीं. पद्धतीनें जें उत्तर आणलें तें परीक्षक आपल्याजवळच्या खऱ्या उत्तराशीं ताडून पाहतो. खऱ्या सूर्याच्या बाबतींत असें ताडून पाहणें अशक्य असतें; म्हणून या कृत्रिम निरीक्षणांना एवढें महत्त्व.

२००७ सालीं प्रसिद्ध झालेली एक परीक्षा या दृष्टीनें बोधप्रद आहे. जुनवेई झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४८,००० किलोमीटर लांब, तितक्याच रुंद आणि २०,००० किलोमीटर खोल अशा सूर्याच्या एका तुकड्याचें संगणकावरील चित्र घेतलें. त्यांत अभिसरणहि होतें आणि अभिसरणानें उठलेल्या लहरीहि होत्या. पद्धति लावल्यावर असें दिसलें कीं, वरच्या कांहीं हजार किलोमीटरांतील आडवे प्रवाह तिनें बऱ्यापैकीं ओळखले. परंतु खालीं-वर जाणारे उभे प्रवाह तिला नीट सांगतां आले नाहींत. हा निकाल अपयशाचा म्हणतां येणार नाहीं. कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावर विश्वास ठेवावा आणि कोणत्यावर ठेवूं नये, हें त्यामुळें कळलें. पुढें २०१३ मध्यें थॉमस हार्टलेप व सहकाऱ्यांनीं सबंध सूर्याच्या गोलावर याम्योत्तर प्रवाहाची परीक्षा केली. तींत त्यांनीं प्रवाह मुद्दाम सेकंदाला ५०० मीटर इतका, म्हणजे खऱ्याच्या कितीतरी पट, वाढवून ठेवला होता. खरा मंद प्रवाह ठेवला असता तर गोंगाटांतून तो वर येण्यास कित्येक वर्षांच्या नोंदी लागल्या असत्या, आणि संगणकाला तेवढा काळ चालविणें परवडण्याजोगें नव्हतें.

या कामाशीं महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. १९४५ सालीं स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईस कुलाब्याच्या टोकाला आहे. तेथें शशिकुमार चित्रे (१९३६–२०२१) व एच्. एम्. अंतिया यांनीं सौरकंपनशास्त्राची परंपरा रुजविली. त्याच संस्थेंत पुढें आलेले श्रवण हनसोगे यांच्या संशोधनाचा आरंभच अशा परीक्षांपासून झाला. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें असतांना, २००६ सालीं, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोलाकार सूर्यांत ध्वनिलहरी चालविण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. सौरकंपनशास्त्राच्या पद्धतींची कसोटी घेणें हाच तिचा उघड हेतु होता.

या कसोटीचें फळ २०१० मध्यें दिसलें. हनसोगे, ड्यूव्हल आणि मार्क डीरोझा यांनीं संगणकावरील अभिसरणाच्या प्रवाहांतून लहरी नेल्या आणि अमुक आकाराच्या प्रवाहाचा लहरींच्या वेळांवर किती परिणाम होतो तें निश्चित केलें. म्हणजे चाकाचे किती फेरे म्हणजे किती गति, याचा तक्ता तयार झाला. मग तीच पद्धति, कांहीं फरक न करतां, खऱ्या सूर्याच्या निरीक्षणांना लावली. सुमारें ३५,००० किलोमीटर खोलीवरील विशाल प्रवाहांची गति सेकंदाला पंधरा मीटर किंवा त्याहूनहि कमी असावी, असें निघालें. आणि त्याखालीं पद्धतीची नजर झपाट्यानें मंदावते, हेंहि त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

२०१२ मध्यें हनसोगे, ड्यूव्हल आणि के. आर. श्रीनिवासन यांनीं याच वाटेनें पुढें जाऊन ९०० अब्ज निरीक्षणांतून ३ अब्ज जुळण्या आणि त्यांतून ५० लक्ष प्रवासवेळा काढल्या. निष्कर्ष धक्का देणारा होता. मोठ्या आकाराचे अभिसरणाचे प्रवाह प्रचलित सिद्धांताच्या अपेक्षेहून वीस ते शंभर पटींनीं दुर्बळ! सूर्याची उष्णता वर आणण्याचें काम मग कोण करतो, असा प्रश्न सिद्धांतवाद्यांपुढें पडला. पुढें २०१५ मध्यें अमेरिकेंतील दुसऱ्या एका गटानें निराळ्या पद्धतीनें मोजून पुष्कळच जोरदार प्रवाह सांगितले. सूर्य एक, मापें दोन आणि उत्तरें दोन! अशा वेळीं कोणत्या मापाची कसोटी कोणत्या हौदांत झाली, हाच निवाड्याचा मार्ग उरतो.

याम्योत्तर प्रवाहाच्या परतीच्या वाटेविषयींहि असाच वाद झाला. २०१३ मध्यें झाओ व सहकाऱ्यांनीं सांगितलें कीं, ध्रुवांकडे जाणारा प्रवाह सुमारें ६५,००० किलोमीटर खोलीवरच उलटतो आणि त्याच्या खालीं दुसरें चक्र आहे. म्हणजे एकावर एक अशीं दोन रहाटगाडगीं. २०१५ मध्यें बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एस्. पी. राजगुरु आणि मुंबईचे अंतिया यांनीं चार वर्षांच्या निरीक्षणांवरून एकच मोठें चक्र असल्याचें दाखविलें. त्यांच्या मतें परतीचा प्रवाह सुमारें १,६०,००० किलोमीटरांच्या खालीं आहे. २०२० मध्यें जर्मनींतील लॉरेंट गिझों व सहकाऱ्यांनीं दोन सौरचक्रांच्या नोंदी तपासून प्रत्येक गोलार्धांत एकच चक्र, या बाजूनें कौल दिला. त्या नोंदींचा एक मोठा भाग पृथ्वीवर विखुरलेल्या सहा दुर्बिणींच्या जाळ्यांतून आलेला आहे, आणि त्यांतली एक दुर्बीण उदयपूरला आहे.

मात्र हौदाची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे सर्व झालें, असें समजण्याचें कारण नाहीं. हौदांतलें पाणी स्वच्छ व निश्चल. कालव्यांत गाळ, शेवाळ आणि वळणें. परीक्षकानें कृत्रिम सूर्यांत जें घातलें नाहीं, त्यापासून होणारी चूक ती परीक्षा दाखवूं शकत नाहीं. याचें ठळक उदाहरण २०१२ मध्यें मिळालें. सूर्यबिंबाच्या मध्यापासून कडेकडे मोजतां मोजतां लहरींच्या वेळांत एक फसवा फरक शिरतो, आणि तो याम्योत्तर प्रवाहाच्या खुणेला झांकून टाकण्याइतका मोठा असतो, असें झाओ व सहकाऱ्यांच्या ध्यानांत आलें. तें कसें ओळखलें, हेंहि पाहण्यासारखें आहे. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम मोजलें, तर सूर्याचें फिरणें वजा केल्यावर मध्यापासून दोन्ही कडांकडे वाहणारा प्रवाह दिसतां कामा नये. पण तो दिसला! जेथें उत्तर शून्य असावयास हवें तेथें शून्य आलें नाहीं, म्हणून चूक सांपडली. म्हणजे खऱ्या सूर्यावरहि ज्ञात उत्तराची एक जागा शोधून काढावी लागली. तेव्हांपासून ही चूक वजा केल्याखेरीज खोल प्रवाहांविषयीं कोणी बोलत नाहीं.

कृत्रिम सूर्य अधिकाधिक खरा करण्याचें काम चालू आहे. सूर्यांतील खळबळीचे आकार हजारों किलोमीटरांपासून अगदीं लहान भोंवऱ्यांपर्यंत पसरलेले आहेत. ते सर्व एकाच वेळीं कोणत्याहि संगणकांत मावत नाहींत. म्हणून प्रत्येक परीक्षेबरोबर तिची मर्यादाहि लिहून ठेवावी लागते: प्रवाह किती वाढवून घेतला, किती खोलीपर्यंत तपासलें, चुंबकीय क्षेत्र धरलें कीं सोडलें. ज्या संशोधनांत ही नोंद प्रामाणिकपणें केलेली असते, त्याचे निष्कर्ष पुढें बदलले तरी वाया जात नाहींत. पुढच्या माणसाला कोठून आरंभ करावयाचा तें कळतें.

वृत्तपत्रांतून सूर्याच्या अंतर्भागाविषयीं नवीन शोधाची वार्ता अधूनमधून येते. ती वाचतांना आंकडा किती मोठा आहे यापेक्षां तो ज्या पद्धतीनें काढला तिची परीक्षा कोठें झाली, हें सुज्ञ वाचकानें आधीं विचारावें. इंदापूरच्या शेपटावरचा शेतकरी हा प्रश्न विचारावयास कधीं विसरत नाहीं. मुखाशीं इतकें पाणी सोडलें, असें कागद दाखवून कोणी सांगूं लागला, तर तो प्रथम पाहतो तें माप. आणि त्या मापावर त्याचा विश्वास बसतो तो खडकवासल्याच्या निश्चल पाण्यांत त्याची परीक्षा झालेली असते म्हणून.